गोल मारलेला लखन

ओश, किर्गिझस्तान
९ मार्च २०२५

ती. आबांस,
लखनचा नमस्कार.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दिसलात, पण बोलणं काही झालं नाही. ते होणारही नव्हतं म्हणा. दालमिलच्या यंत्रांनी तुमचे कान कधीचेच खाल्ले, आणि माय फोन लावते तेव्हा अख्खी गल्ली पडद्यात घुसते. पुढं रेवणसिद्धकाकांचं डोकं, त्यांच्या खांद्यावरून काकूंचं डोकं, आणि सगळ्यात मागं हसून मान हलवणारे तुम्ही. सगळे एकच विचारतात, 'किती गोल मारले?' म्हणून म्हटलं, तुम्हाला पत्र लिहावं. लातूरची पोरं इथं डॉक्टरकी शिकायला ढिगानं आलीत. कुणी ना कुणी घरी जात-येत असतं. हे पत्र आनंदराज नावाच्या मुलाच्या ओळखीनं पाठवतोय. त्याचे वडील साहेबराव लातुरातच असतात, ते आणून देतील.

आबा, गल्लीला एकदा समजावून सांगा की मी डिफेन्डर आहे. आपल्या जाळ्यासमोर उभं राहायचं आणि समोरच्याला जवळ फिरकू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. गोल मारायला पुढं गेलो तर कोच शिव्या घालतो. मुखेडला आत्याकडे शिकायला होतो तेव्हा मन्मथ सरांनी मला मागं उभं केलं, कारण पावसाळ्यात काळ्या मातीत सगळ्यांचे पाय रुतायचे, धडाधड पडायचे, मी तेवढा उभा राहायचो. त्या उभं राहण्यावर नांदेड, पुणे, कोलकाता करत इथवर आलो.

खरं सांगायचं तर अजून बाकावर बसून आहे. इथल्या फुटबॉल क्लबशी करार नोव्हेंबरपर्यंतचा आहे. खेळायला मिळालं आणि नीट खेळलो तर पुढं ठेवतील. नाही ठेवलं तर सत्ताविसाव्या वर्षी मला दुसरं कोण बोलावणार? ही एवढीच संधी आहे, आबा. हे मायला सांगू नका.

तुमचा,
लखन


लातूर
६ एप्रिल २०२५

चि. लखन यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. साहेबराव स्वतः स्कूटरवर आणून देऊन गेले आणि चहालाही थांबले नाहीत, म्हणजे माणूस भला दिसतो. घरात कुणी माझ्याशी बोलायचं म्हटलं की पाटी शोधावी लागते, तू चार पानं लिहिलीस म्हणजे माझी चैनच झाली. जेवताना एकदा, झोपताना एकदा असं वाचून काढलं.

तू म्हणालास म्हणून गल्लीला समजावलं. रेवणसिद्धला म्हटलं, हे बघ, मी मिलमध्ये चाळणीपाशी उभा असतो. डाळीत खडा गेला नाही तोवर मालकाला माझं नावही आठवत नाही. एक खडा गेला की सगळी मिल माझ्या नावानं शंख करते. लखनचं काम असंच आहे. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि पाटीवर लिहिलं, 'मग ह्यो गोल कवा मारणार?' कपाळ माझं!

आपल्या दीपालीसाठी मुखेडचं एक स्थळ आलंय. मुलगा अंगद, शिक्षक आहे, निर्व्यसनी आहे. दीपालीलाही तो पसंत आहे असं तुझी माय म्हणते. पण त्यांचं हो-नाही काही कळत नाही. 'मुलीचा भाऊ परदेशात काय करतो?' असं विचारत होते. मी म्हटलं, खेळतो. तर म्हणे, 'खेळतो ते ठीक, पण करतो काय?' दीपालीचं तोंड तेव्हापासून उतरलेलं आहे.

बाकावर बसायला लाजू नको. मिलमध्ये मीही आधी पोती शिवत होतो. तुझ्या मायनं शेंगाची चटणी दिली आहे. पत्राआधी तीच उघडशील, मला ठाऊक आहे.

तुझा,
आबा


ओश
४ मे २०२५

ती. आबांस नमस्कार.

चटणी आधी उघडली. तुम्ही मनकवडे आहात.

गोड बातमी आहे. आमचा एक डिफेन्डर गुडघा धरून बसला आणि कोचनं मला उतरवलं. दोन मॅच खेळलो, दोन्हीत आमच्यावर एकही गोल झाला नाही. दुसऱ्या मॅचनंतर कोचनं नुसतं पाठीवर थोपटलं. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला येत नाही, पण ते थोपटणं मला चांगलं समजलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे लोक मला ठेवतील.

पुढची मॅच आमच्याच मैदानावर आहे. आनंदराज आणि त्याच्या मेसमधली पोरं बघायला येणार आहेत. बिचाऱ्यांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. 'दादा, तुमचा फक्त नंबर सांगा, आम्ही ओरडायचं काम करतो,' म्हणतात. चार नंबर सांगितलाय.

दीपालीला सांगा, तोंड पाडून बसू नको. अंगदच्या घरच्यांना म्हणावं, भाऊ परदेशात पगारावर उभा राहतो.

तुमचा,
लखन


लातूर
२ जून २०२५

चि. लखन यास अनेक अनेक आशीर्वाद.

मारलास! अखेर मारलास रे पोरा!

मी मिलमधून घरी आलो तर दारात चपलांचा ढीग. म्हटलं, तुझ्या मायचं काही बरंवाईट झालं की काय. आत गेलो तर ती रडतेय आणि बायका तिला पेढा भरवतायत. दीपालीनं पाटीवर हे मोठ्ठं लिहिलं, 'दादानं गोल मारला.' आनंदराजच्या मित्रांनी काढलेला व्हिडिओ साहेबरावांच्या फोनवर आला, तिथून रेवणसिद्धच्या, आणि पुढं तो कुठवर गेला याचा काही पत्ताच नाही.

मी तो किती वेळा पाहिला म्हणून सांगू! पलीकडून चेंडू सरपटत येतो, तू कुठूनसा जीव तोडून धावत येऊन पाय घालतोस आणि चेंडू जाळ्यात. मला आवाज येत नाही, पण लोक म्हणतात, 'लखन्या, लखन्या' असा मराठीत गजर चाललाय. मग तू मटकन खाली बसतोस आणि दोन्ही हातांनी डोकं धरतोस. अति आनंदानं माणूस असाच बसतो. तू झालास तेव्हा मुखेडच्या दवाखान्याच्या पायरीवर मी असाच डोकं धरून बसलो होतो. एक गोष्ट मात्र मला खटकली. तुझ्या रंगाच्या शर्टातलं कुणीच तुझ्यापाशी आलं नाही. उलट दुसऱ्या रंगाची पोरं नाचत होती. केवढा मोठेपणा म्हणायचा! आपल्याकडं सरपंचकीच्या निकालाला विरोधी गट असा नाचेल का?

मन्मथ सरांचा निरोप आला, सगळे मुखेडला या. बाजाराचा दिवस होता. उघड्या जीपमध्ये मला आणि तुझ्या मायला उभं केलं, मला फेटा बांधला, आणि पुढं हलगी. लखन, ती हलगी मला छातीत वाजत होती. इतक्या वर्षांत मला काही ऐकू आलं असेल तर तेवढंच. शाळेनं भिंतीवर तुझं चित्र काढायला पेंटर लावलाय, पायात चेंडू आणि मागं जाळं. जीपमधूनच तुला फोन लावला होता. तू नुसता बघत होतास आणि डोळे पुसत होतास. तुझी माय म्हणाली, 'लेकराला लई भरून आलं.'

आणि मुख्य सांगायचं राहिलं. त्याच संध्याकाळी अंगदच्या घरचे आले आणि हो म्हणून गेले. दीपाली घरभर नुसती भिरभिरतेय.

तुझा,
आबा


ओश
२० जून २०२५

ती. आबांस नमस्कार.

हे पत्र तुम्ही एकटे असताना वाचा.

आबा, तो गोल मी आपल्याच जाळ्यात मारला.

मॅच बरोबरीत होती, शेवटची काही मिनिटं राहिली होती. त्यांच्या पोरानं चेंडू आमच्या जाळ्यासमोर सारला. तो अडवायला मी धावत मागं आलो, पाय घातला, आणि चेंडू नडगीला लागून आत गेला. माझ्याच गोलकीपरला चकवून. आम्ही त्या एका गोलानं हरलो. दुसऱ्या रंगाची पोरं नाचली ती मोठ्या मनानं नाही, जिंकली म्हणून नाचली. आणि मी डोकं का धरलं ते आता तुम्हाला सांगायला नको.

आनंदराज आणि पोरं कॉलेज आटोपून अर्ध्या मॅचनंतर पोचली होती. आमचं जाळं कुठलं ते मी त्यांना आधीच दाखवून ठेवलं होतं, पण मधल्या सुट्टीनंतर दोन्ही संघ बाजू बदलतात, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, दादा समोरच्या जाळ्याकडे धावतोय. आमच्या बाजूचे सगळे लोक चिडीचूप झाले, आणि एका कोपऱ्यात आपली पोरं माझ्या नावानं नाचत होती. परदेशात इतक्या मोठ्यानं माझं नाव कुणी कधी घेतलं नव्हतं आणि तेही आपल्या भाषेत. मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. आनंदराजला दुसऱ्या दिवशी कळलं तेव्हा तो माझ्या खोलीत येऊन रडला. लगेच वडिलांना फोन करणार होता. मीच म्हटलं, थांब, आबांना मी सांगतो.

सांगणार होतो, त्या कॉलवरच सांगणार होतो. पण पडद्यावर तुम्ही फेटा बांधून उभे. मी तोंड उघडलं आणि माय म्हणाली, 'बोल की रं, आनंदानं गप झालास का?' मी म्हटलं, हाव.

कोच एका शब्दानं रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. पुढच्या मॅचच्या यादीत माझं नाव नव्हतं, त्याच्या पुढच्याही नव्हतं, आणि परवा मला ऑफिसात बोलावून सांगितलं की करार इथंच थांबवू. जुलैच्या मध्यापर्यंतचं तिकीट ते काढून देतायत.

मला घरी यायचंय, आबा. मला इथं अजिबात राहवत नाही. मन्मथ सरांच्या पाया पडून मी स्वतः सांगेन, गल्लीत मान खाली घालून फिरेन, सगळं करेन. फक्त तुम्ही ये म्हणा. तुमच्या अक्षरात तेवढा एक शब्द आला की मी निघतो.

तुमचा,
लखन


लातूर
२७ जुलै २०२५

चि. लखन यास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळून महिना होत आला. तिकिटाची तारीख निघून गेली असणार, हे मला कळतं. रोज लिहायला बसत होतो आणि रोज उठत होतो.

पत्र वाचल्यावर तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. सगळं स्पष्ट दिसलं. तुझं तोंड दिसलं. कान गेले म्हणून मी आजवर देवाला बोल लावत आलो, पण डोळे तर मला होते ना? बाप असून मी ते तोंड ओळखलं नाही.

आता काय लिहू? दीपालीचा साखरपुडा झाला. अंगदचे वडील जो भेटेल त्याला 'हे गोलवाल्या लखनचे वडील' अशी माझी ओळख करून देतात. वाईट माणसं नाहीत ती, पण हौशी आहेत. मला दोन ओळी लिहून विचारतात, 'लखनराव लग्नाला येणार की न्हाई?' मी मान हलवतो, ती कशीही लागू होते. आणि दीपाली इतकी सुखात आहे की तिच्याकडं बघायची मला भीती वाटते.

तू आलास तर लोक पहिला प्रश्न तोच विचारतील, आणि तू खोटं बोलणार नाहीस. तुला मी चांगला ओळखतो. लहानपणी ग्लास फुटला तरी तुकडे घेऊन समोर येऊन उभा राहायचास. मला ये म्हणवत नाही, लखन. मार्गशीर्षात लग्न आहे, ते पार पडेपर्यंत थांब. बहिणीच्या लग्नाला भावानं येऊ नये असं सांगणारा बाप तुला मिळाला, याचं मला फार वाईट वाटतं.

तुझ्या मायला काही सांगितलेलं नाही. ती चटणी कुटत होती तेव्हा मी समोर बसून होतो. डबा सोबत आहे.

आबा


ओश
७ सप्टेंबर २०२५

ती. आबांस नमस्कार.

तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. तुम्ही केलं ते बरोबरच केलं.

आणि आता काळजीचं कारणही राहिलं नाही. इथल्याच दुसऱ्या एका क्लबनं मला घेतलंय. खालच्या लीगचा आहे, पण माणसं चांगली आहेत. सकाळी सराव असतो, दुपारी पुन्हा काम, म्हणजे सराव. राहायची-जेवायची सोय त्यांच्याचकडे आहे. जेवणाची तर चिंताच नाही. तब्येत सुधारली म्हणाल.

त्यामुळं लग्नाला मला यायला जमणारच नव्हतं. अंगदच्या वडिलांना सांगा, सीझन लांबलाय. हे खोटं नाही, तुम्हाला सांगताना जीभ अडखळायला नको. लग्नात नवऱ्याचा कान पिळायला रेवणसिद्धकाकांना उभं करा, त्यांचा हात जड आहे, अंगदच्या चांगलं लक्षात राहील.

दीपालीला म्हणावं, दादाची आठवण काढून रडलीस तर कॉलवर येणार नाही.

तुमचा,
लखन


लातूर
१४ डिसेंबर २०२५

चि. लखन यास आशीर्वाद.

लग्न नीट पार पडलं. कान पिळायच्या वेळी भटजींनी मुलीच्या भावाला हाक मारली, तर कुणीतरी मांडवाच्या दारातलं तुझ्या फोटोचं फ्लेक्स उचलून आणलं आणि अंगदशेजारी उभं केलं. सगळा मांडव हसला. रेवणसिद्धनं एका हातानं फ्लेक्स धरलं आणि दुसऱ्या हातानं कान पिळला. दीपालीनं तुला कॉल लावला होता. दोनदा लावला. तू उचलला नाहीस. मग ती रडली, तू नको म्हटलं होतंस तरी रडली.

लखन, तुझ्या मागच्या पत्रावर तेलाचे डाग होते. आणि पत्राला फोडणीचा वास होता. मी स्वतःला समजावलं, खेळाडू आहे, मालिश करत असेल, आपल्याच चटणीचा वास असेल. एकदा व्हिडिओवरून स्वतःला फसवलं होतं, तसंच पुन्हा फसवत बसलो. पण किती दिवस? तुला कुठल्या क्लबनं घेतलेलं नाही ना रे?

आता ये. आता मी ये म्हणतो. दीपाली तिच्या घरी गेली, मला आता कुणाची भीती नाही. मन्मथ सर जानेवारीत मुखेडला स्पर्धा ठेवतायत, तुझ्या त्या गोलाच्या नावानं. बक्षीस द्यायला तूच पाहिजेस म्हणतात. तू ये, आपण दोघं जाऊ. बाजाराच्या दिवशी त्या भिंतीसमोर उभा राहून मी सगळ्यांना खरं काय ते सांगतो. मला ऐकू येत नाही ते एका परीनं बरंच आहे, लोक काय म्हणतील ते मला कळणार नाही. तू फक्त माझा हात धरून उभा राहा.

तुझी माय रोज विचारते, सीझन कवा संपतो म्हणून.

तुझा,
आबा


ओश
१८ जानेवारी २०२६

ती. आबांस नमस्कार.

सांगू नका, आबा. तुम्हाला माझी शपथ आहे.

दीपालीनं मला त्या भिंतीचा फोटो पाठवला. ती आणि अंगद दोघं चित्राखाली उभे आहेत, आणि ती अशी हसतेय की मी फोटो किती तरी वेळ बंद केला नाही. चित्रातला माणूस माझ्यासारखा दिसत नाही. पेंटरनं त्याला दहा नंबरचा शर्ट घातलाय. पण आबा, मुखेडला आता तोच लखन राहतो. त्यानं गोल मारलाय. दीपालीला सासरी त्याच्यामुळं मान आहे, मन्मथ सर त्याच्या नावानं स्पर्धा घेतात, आणि माय त्याचीच वाट बघत झोपते. मी आलो की त्याला जावं लागेल. एका गावात आम्ही दोघं मावणार नाही, आणि तो माझ्या आधी तिथं पोचलाय.

तुम्ही ये म्हणालात, ते वाचून मी खूप रडलो. जून-जुलैत त्या एका शब्दासाठी मी रोज आनंदराजच्या खोलीवर चकरा मारायचो. तेव्हा तो आला असता तर धावत आलो असतो. आता पाय उचलत नाही. तुमच्यावर राग नाही, देवाशपथ नाही.

क्लब नाही, हे तुम्ही ओळखलंतच. जुलैनंतर मी चेंडूला पाय लावलेला नाही, आणि आता कुणी बोलावणारही नाही. मेसच्या मागच्या दाराला बर्फ साचतो, तो काढताना मात्र फुटबॉलचे बूट घालतो. खिळ्यांमुळं पाय घसरत नाही. तेवढाच त्यांचा उपयोग.

दीपालीचा कॉल मला दिसला होता. दोन्ही वेळा दिसला. पोरांची जेवायची वेळ होती, पंगत बसली होती आणि माझ्या हातात वरणाची बादली होती. कुणीतरी म्हणालं, 'दादा, फोन वाजतोय.' मी म्हटलं, वाजू दे.

मायला सांगा, सीझन लांबलाय. आणि तिला म्हणावं, आता शेंगाची चटणी पाठवत जाऊ नको. इथं मेसमध्ये मीच करतो. लातूरची पोरं म्हणतात, अगदी घरच्यासारखी होते.

तुमचा,
लखन